ताजिकिस्तानात लोकगीतं अजून लोक स्वतः गातात का, की ती आता फक्त स्टेजवर उरलीत?

प्रश्नाखाली तुम्ही असंही विचारलंय की या गाण्यांचा गावातल्या लोकांना नेमका उपयोग काय. मी एमबीबीएससाठी सहा वर्षं दुशांबेला, म्हणजे ताजिकिस्तानच्या राजधानीत होतो, संगीत शिकलेलो नाही, पण तिथल्या मित्रांच्या घरी भरपूर राहिलोय, तर जे कानानं ऐकलं आणि त्यांनी समजावून सांगितलं ते लिहितो.

थोडक्यात उत्तर म्हणजे हो, गातात, आणि त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं गाणं म्हणजे फलक. आपल्याकडे फलक म्हणजे पाटी, पण हा तो नाही, हिंदी गाण्यांत आभाळ या अर्थानं येतो तो फलक. ताजिकमध्ये त्याच शब्दात आभाळही आलं आणि नशीबही आलं. देशाचा 93 टक्के भाग डोंगर, आणि फलक हे या डोंगरातल्या लोकांचं गाणं, कुलोब, दरवोज, रश्त, बदख्शान या भागातलं. युनेस्कोनं 2021 मध्ये ते आपल्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं.

मी पहिल्यांदा फलक ऐकलं ते कुलोबजवळच्या एका गावात, वर्गातल्या मित्राच्या घरी. संध्याकाळची वेळ, अंगणात तंदूर पेटलेला, त्यात जळण म्हणून कापसाच्या वाळलेल्या पऱ्हाट्या, खतलोनमध्ये, म्हणजे कुलोबच्या प्रांतात, कापूस खूप पिकतो आणि माझं आजोळ यवतमाळकडचं त्यामुळे तो वास मला लगेच ओळखीचा वाटला. मित्राची आजी नोन लावत होती, म्हणजे गोल रोटी कापडी उशीवर पसरायची, पाण्याचा हात फिरवायचा आणि वाकून तंदूरच्या आतल्या भिंतीवर थापायची. थापता थापता तिनं एकदम वरचा सूर लावला, जवळजवळ हाक मारल्यासारखा, आणि मग तो सूर हळूहळू पायरी पायरीनं खाली आला, ताल नाही, वाद्य नाही. चार-चार ओळींचं असतं ते, दुबैती किंवा रुबाई. मला ताजिक तेव्हा बेताचंच यायचं, मित्रानं कानात सांगितलं की ती आभाळाला विचारतेय, माझ्या मुलाची वाट इतकी लांब का केलीस. धाकटा काका तेव्हा मॉस्कोत बांधकामावर होता. तिथं घरटी एक तरी माणूस रशियात असतोच असं मला तरी दिसलं.

आणि मला जे लक्षात राहिलं ते हे की कोणी हातातलं काम थांबवलं नाही. सून पिठाचे गोळे देत राहिली, आजोबा चहा पीत राहिले, टाळ्या नाहीत, वा वा नाही. गाणं संपलं तेव्हा भिंतीपलीकडून शेजारीण फक्त एवढंच म्हणाली, दर्द नबीनेद. तुम्हाला दुःख न दिसो. एरवी तिथं आभार मानतानाही हेच म्हणतात. त्या बाईचा नवराही रशियातच होता हे मला नंतर कळलं, म्हणजे आजीनं तिचंही गाऊन टाकलं होतं! माझ्या मते फलकचा उपयोग हा आहे. नशिबाची तक्रार शेजाऱ्याकडे करायला माणसाला संकोच वाटतो, आभाळाकडे मोठ्यानं करता येते, आणि ती ऐकू मात्र शेजाऱ्याला जाते.

पण फलक म्हणजे फक्त रडगाणं असं समजू नका हां, तेच लग्नातही गातात, तेव्हा ताल येतो, दुतोर, घिजक ही तंतुवाद्यं येतात, लोक नाचतात. गाणाऱ्याला तिथं होफिज म्हणतात, म्हणजे हाफिजच. बदख्शानमध्ये मी एक घिजक हातात घेऊन पाहिला, तो छातीजवळ उभा धरून कमानीनं वाजवतात, आणि त्याचा पेटारा चक्क चौकोनी पत्र्याच्या डब्याचा होता, आवाज थोडा खरखरीत पण डोंगरात लांबपर्यंत जाणारा. तिथले बहुतेक लोक इस्माइली, म्हणजे शिया मुसलमानांतल्या एका पंथाचे, त्यांच्याकडे गुरुवारी रात्री किंवा घरात आजारपण, मृत्यू असेल तेव्हा मद्दोह होतो, रुबोब या तंतुवाद्यावर आणि डफावर भक्तिपर काव्य, आणि आजारी माणसाला त्यात बरोबर बसवतात. डॉक्टरकी शिकताना ते बघून मला खूप काही वाटलं होतं, कारण वॉर्डात आपण पेशंटला आधी वेगळं काढतो.

बाकी वर्षभराची गाणी आहेतच. वसंताच्या सुरुवातीला पोरं डोंगरातून पहिली फुलं आणून दारोदार गात फिरतात, त्याला गुलगर्दोनी म्हणतात, म्हातारी माणसं ते फूल डोळ्यांना लावतात आणि पोरांना खाऊ देतात. नवरोजला बायका गव्हाच्या अंकुरांचं सुमनक रात्रभर ढवळत डफ वाजवून गातात, आणि तो डफ म्हणजे आपल्याकडचाच शब्द. मळणीची बैलांची गाणी होती, आपल्या भलरीसारखी कामाबरोबरची, ती मात्र ट्रॅक्टरबरोबर गेली, आता म्हाताऱ्यांच्या तोंडून किंवा स्टेजवरच.

स्टेजचं म्हणाल तर ते पण आहे, कुलोबच्या दवलतमंद खोलोव यांच्यासारख्या गायकांनी फलक देशाबाहेर नेलं आणि त्यात मला वाईट काही दिसत नाही. लग्नांवर 2007 च्या कायद्यानं मर्यादा आल्या, पाहुणे किती, कार्यक्रम किती वेळ, कर्ज काढून लग्नं करणाऱ्यांसाठी ते बरंच झालं, पण रात्र-रात्र चालणारं गाणं त्यामुळे आटलं असं म्हातारे होफिज बोलून दाखवायचे. तरुण पोरं सिंथेसायझरवरचं फलक गाडीत लावतात, ते मला फारसं आवडत नाही, कारण त्यात दोन ओळींमधला श्वासच राहत नाही.

त्या संध्याकाळी मित्रानं आजीचं गाणं फोनवर रेकॉर्ड केलं होतं. रात्री जेवताना तो म्हणाला, काकाला इमोवर (व्हॉट्सअॅपसारखं अॅप) पाठवतो. आजीनं फोन हातातून काढून घेतला आणि म्हणाली, नको पाठवू, ऐकलं तर काम सोडून येईल.