क्यू ३१ ला घाबरू नकोस, सुरुवातीला एवढंच बघ

अमेरिकन चार्ट्सच्या कोडिंगमध्ये नवीन आहेस ना, मग आयसीडी-१०-सीएममधला (अमेरिकेतली निदानांच्या कोडची यादी) क्यू ३१, म्हणजे स्वरयंत्राच्या जन्मजात दोषांचा गट, छोटाच आहे, दोन दिवसांत हाताला बसेल. सगळ्यात जास्त दिसेल तो क्यू ३१.५, म्हणजे लॅरिंगोमलेशिया (स्वरयंत्र मऊ, ढिलं असणं). स्वरयंत्रात पडदा असेल तर ३१.०, जन्मजात सबग्लॉटिक स्टेनोसिस (स्वरतंतूंच्या खालची वाट अरुंद असणं) ३१.१. क्लेफ्ट (भेग), अट्रेशिया (वाट बंद असणं) वगैरे ३१.८ मध्ये जातात. ३१.४ शोधत बसू नकोस, तो नाहीच.

नवीन लोक हमखास चुकतात ते इथे:

- बाळाच्या श्वासाला आवाज येतोय, चार्टवर फक्त स्ट्रायडर लिहिलंय, आणि आपण मनानेच लॅरिंगोमलेशिया लावतो. असं करायचं नाही. डॉक्टरांनी निदान लिहिलं तरच. ओपीडीत 'प्रोबेबल' (बहुधा) लिहिलं असेल तर लक्षणाचाच कोड.
- स्टेनोसिस दिसला की लगेच क्यू. थांब! प्रीमॅच्युअर बाळ बरेच दिवस ट्यूबवर असेल तर तो नंतर झालेला असू शकतो आणि तो जे कोडमध्ये (श्वसनाचे आजार) जातो, नोटमध्ये स्पष्ट नसेल तर सरळ डॉक्टरांना क्वेरी टाक, त्यात कमीपणा काही नाही.
- ट्रेकिओमलेशिया म्हणजे श्वासनलिका मऊ असणं, तो जन्मजात असेल तर क्यू ३२.०.

आणि पेशंट मोठा आहे म्हणून क्यू टाळू नकोस, दोष अजून असेल तर कुठल्याही वयात चालतो. इंडेक्समध्ये (अक्षरांनुसार यादी) कोड सापडला तरी टॅब्युलर (कोडनुसार यादी) उघडून एक्सक्लूड्सच्या (या कोडमध्ये काय येत नाही त्या) नोट्स वाचायच्याच, ही सवय आत्ताच लाव. सिक्वेन्सिंगचं (कोडच्या क्रमाचं), सिंड्रोमचं सध्या राहू दे, आधी वीसेक चार्ट नीट वाचून काढ.