जुना रबरबँड चिकट होतो, पण गॅसची नळी कडक होऊन तडकते. असं का?

तुम्ही विचारलंय की पावत्यांच्या गठ्ठ्याला लावलेला रबरबँड काही वर्षांत वितळल्यासारखा कागदाला चिकटला, आणि त्याच घरातली गॅसची नळी मात्र कडक होऊन तडकली. दोन्ही रबरच, मग असं उलटं कसं?

मी चाकणला रबराच्या प्रयोगशाळेत काम करतो, रोज हेच बघतो. दोन्ही रबरं वेगळी, पण दुखणं एकच: रबराच्या लांबलचक रेणूसाखळीतला दुहेरी बंध, म्हणजे दोन कार्बन अणूंमधली दुहेरी जोडणी.

रबरबँड सहसा नैसर्गिक रबराचा, म्हणजे पॉलिआयसोप्रीनचा असतो. हजारो कड्यांची साखळी, आणि प्रत्येक कडीत एक कार्बन-कार्बन दुहेरी बंध. चार्ल्स गुडइयरला १८३९ मध्ये गंधकाने रबर टिकाऊ करता आलं ते या बंधामुळेच. गंधक जोडलं जातं बंधाशेजारच्या कार्बनवर, कारण तिथला हायड्रोजन सैल असतो. नेमक्या त्याच जागेवर हवेतल्या ऑक्सिजनचाही डोळा असतो. ऊन किंवा उष्णता मिळाली की तो हायड्रोजन सुटतो, मुक्त मूलक (एकटा इलेक्ट्रॉन उरल्याने लगेच कशाशीही जुळायला बघणारा रेणू) तयार होतो, त्यावर ऑक्सिजन बसून हायड्रोपेरॉक्साइड बनतं. ते फुटलं की आणखी मूलकं, आणि गाडी थांबत नाही. वजनाच्या जेमतेम एक-दोन टक्के ऑक्सिजन शोषला तरी रबर कामातून जातं.

आता फरक. आयसोप्रीनच्या साखळ्या या झटापटीत तुटत जातात. तुकडे आखूड झाले की रबर चिकट होतं. नळीत बहुधा नायट्राइल रबर असतं, त्यात दुहेरी बंध येतात ब्युटाडाईनमधून. तिथली मूलकं तुटण्यापेक्षा शेजारच्या साखळीला जाऊन जोडली जातात. गाठी वाढत जातात, ताण घ्यायची ताकद संपते, रबर कडक होतं.

भेगांचं कारण आणखी वेगळं, ते म्हणजे ओझोन, हवेत अगदी थोडा असणारा तीन अणूंचा ऑक्सिजन. तो थेट दुहेरी बंधावरच बसतो आणि साखळी तिथे कापतो. आमच्याकडे रबराची पट्टी २० टक्के ताणून ४० अंश सेल्सिअसच्या पेटीत ठेवतात, हवेच्या दहा कोटी भागांत ओझोन फक्त ५० भाग. ७२ तासांनी भिंगातून बघितलं की संरक्षण कमी असलेल्या रबर-मिश्रणावर ताणाच्या बरोबर आडव्या, केसासारख्या भेगा दिसतात. शेजारी न ताणलेली पट्टी ठेवली तर ती गुळगुळीतच राहते. तिथे वरचा पातळ थर खराब होतो आणि काम थांबतं. ताणलेल्या पट्टीत मात्र भेग उघडते आणि आतलं ताजं रबर ओझोनला मिळतं.

म्हणून टायरमध्ये मेण आणि ६पीपीडी नावाचं रसायन घालतात. मेण पृष्ठभागावर येऊन थर धरतं, पण गाडी पळताना तो तडकतो, तेव्हा ६पीपीडी स्वतः ओझोनशी आधी भिडतं. टायरच्या बाजूला दिसणारी तपकिरी झाक त्याचीच. टायर चमकवायला डिझेल फासू नका, ते रबर फुगवतं आणि हे संरक्षण धुऊन नेतं. याच रसायनापासून ओझोनमुळे बनणारं क्विनोन अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या कोहो सामन माशांना मारतं, हे २०२० मध्ये उघड झालं. पर्याय शोधायलाच हवा, असं मला मनापासून वाटतं.

ईपीडीएमसारख्या रबरात मुख्य साखळीत दुहेरी बंधच नसतो, बाजूच्या फांदीवर असतो. गाडीच्या दारांच्या पट्ट्या त्याच्याच असतात, म्हणून वर्षानुवर्षं उन्हात टिकतात.

तुमची नळी आजच बदला. नवी नळी लावल्यावरही शेगडीच्या नोझलवर चढवलेलं टोक अधूनमधून तपासत जा. तिथे ती ताणलेली असते आणि वरून शेगडीची धग लागते, त्यामुळे बहुतेक वेळा पहिली भेग तिथेच पडते. छापलेली मुदत संपली असेल, तर भेग दिसत नसली तरी ठेवू नका.