एप्रिलमध्ये लुसर्नला जाऊन टिटलिसचा बर्फ बघितलाच पाहिजे का?

तुमचा प्रश्न असा आहे: एप्रिलच्या शेवटी स्वित्झर्लंडच्या लुसर्नमध्ये तीन दिवस, सोबत सत्तरीचे आईवडील, तर त्यातला एक अख्खा दिवस टिटलिसच्या बर्फाळ डोंगराला द्यावा की शहर आणि तलावच बघावा? पुढे तुम्ही लिहिलंय, "बर्फ न बघता आलो तर लोक काय म्हणतील". हे लोक म्हणजे कोण ते मला चांगलं ठाऊक आहे. त्यातला एक आमच्या घरातच आहे. माझे साडू.

साडू बँकेतून निवृत्त, मी पाटबंधारे खात्यातून, कोल्हापूरकडचा. दोन्ही कुटुंबं मिळून वसंतात गेलो होतो. कार्यक्रम साडूंनी आखला, म्हणजे कुठल्या तरी टूरवाल्याच्या माहितीपत्रकावरून उतरवून काढला: सकाळी टिटलिस, दुपारी सिंहाचं शिल्प, संध्याकाळी घड्याळांची दुकानं. आदल्या रात्रीपासून पाऊस लागला होता. सकाळी मी टिटलिसचा वेबकॅम उघडून त्यांच्यापुढे धरला. पडद्यावर पांढरा चौकोन, बाकी काही नाही. साडू म्हणाले, "अहो, तो बर्फच आहे."

मी म्हटलं, तुम्ही जा, मी थांबतो. बायको बहिणीबरोबर गेली. जाताना एवढंच म्हणाली, "अहो, निदान छत्री तरी न्या."

रॉइस नदी तळ्यातून बाहेर पडते ती याच गावात. कापेल पुलावर तेव्हाही गर्दी होती. हा तोच, सगळ्यांच्या फोटोतला लाकडी पूल. 1993 च्या ऑगस्टमध्ये जळाला आणि पुढच्याच वर्षी पुन्हा उभा केला. तिथून नदीकाठानं खाली थोडं चाललं की दुसरा छपराचा पूल लागतो, श्प्रॉयर पूल. त्याच्या छताला सतराव्या शतकातली तिकोनी चित्रं आहेत, प्रत्येकात मृत्यू कोणाला तरी न्यायला आलेला. तिथे दोनचार माणसं होती. मी मात्र चित्रं सोडून कठड्याला चिकटलो, कारण शेजारीच नदीत बंधारा दिसला.

1859-60 सालचा हा बंधारा अजूनही हातानं चालवतात. लांब लाकडी दांडे एकाला एक लागून उभे केलेले, खालचं टोक नदीच्या तळाला अडकलेलं, वरचं एका आडव्या पट्टीला टेकलेलं. पाण्याचा दाबच त्यांना जागेवर धरून ठेवतो. तळं चढायला लागलं की दांडे काढायचे, उतरायला लागलं की परत लावायचे. बास.

आमच्याकडच्या माणसाला हे समजावून सांगायला नको. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याचे बरगेच ते. आपले बरगे म्हणजे आडव्या फळ्या, खांबांच्या खाचेत बसवलेल्या, दोन ओळी आणि मध्ये माती ठासलेली. तिथे दांडे उभे आणि मध्ये काहीच नाही, फटींतून पाणी खुशाल गळत असतं. आपण पावसाळा संपला की बरगे घालतो आणि जूनच्या तोंडावर काढतो. त्यांचा पावसाळा म्हणजे वितळणारा बर्फ. एप्रिल-मेपासून डोंगर सुटतात, चारी बाजूंचं पाणी फिअरवाल्डश्टेटर तळ्यात, म्हणजे लुसर्नच्याच तळ्यात, उतरतं, आणि 114 चौरस किलोमीटरच्या त्या तळ्याला बाहेर पडायला वाट ही एकच. हिशेब चुकला तर पाणी गावात शिरतं. 2005 च्या ऑगस्टमध्ये शिरलंही होतं, त्यानंतर बंधारा दुरुस्त करून वाढवला. (2005 सालचा पूर आपल्यालाही वेगळा सांगायला नको.)

त्या दिवशी दोन कामगार फळीवर उभे राहून दांडे काढत होते. एकाच्या हातात आकडा, दुसरा दांडा धरायला. खालचं टोक सुटलं की पाणी दांडा ओढून न्यायला बघायचं, तेवढ्यात दोघं मिळून तो वर घ्यायचे. बाहेर आलेला दांडा पाण्यात होता तेवढा काळपट आणि शेवाळलेला, वरचा भाग उन्हापावसानं पांढरा पडलेला. मोकळ्या जागेतून हिरवट पाण्याचा जाड पट्टा सुटायचा आणि खालचा फेस एकदम रुंद व्हायचा. ना मोटर, ना आरडाओरडा. मी नोकरीत होतो तेव्हा बरगे काढायचे म्हणजे आधी गावकऱ्यांशी भांडण, मग ठेकेदाराची वाट आणि शेवटी मोजणी, कारण चारदोन फळ्या चोरीला गेलेल्या असायच्याच. इथे काढलेले दांडे काठावर नीट रचून ठेवलेले. कोणी हात लावत नव्हतं.

काम उरकल्यावर त्यातल्या एकाशी माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोललो. मीही भारतात हेच काम बघायचो म्हटल्यावर त्याला गंमत वाटली. मोबाइलमध्ये राजाराम बंधाऱ्याचा जुलैतला फोटो होता, तो दाखवला. त्यानं फोटो मोठा केला, इकडेतिकडे सरकवला आणि विचारलं, "बंधारा कुठाय?" म्हटलं, पाण्याखाली. तो हसला नाही, मान हलवली. धंद्यातला माणूस होता.

संध्याकाळी मंडळी परतली. सवलतीशिवाय टिटलिसच्या केबलकारला माणशी शंभर फ्रँकच्या आसपास लागतात. फोटोंत पांढऱ्यावर पांढरं, आणि त्यात शाहरुख-काजोलच्या पुठ्ठ्याच्या कटआउटशेजारी उभे साडू. ते खरंच आहे तिथे, भारतीयांसाठीच ठेवलेलं. मेहुणीला वर चक्कर आली होती, पण ते मला कित्येक महिन्यांनी कळलं. तेव्हापासून घरात लग्न असो की बारसं, साडू पंगतीत सांगतात, "लाखो रुपये घालून हा माणूस स्वित्झर्लंडला गेला आणि बंधारा बघत बसला." लोक हसतात. मी आजवर पंगतीत उत्तर दिलेलं नाही, म्हणून इथे देतो.

वसंतात लुसर्नला जायचं ते या पाण्यासाठी. बर्फ डिसेंबरातही असतो, जानेवारीतही असतो, टिटलिसच्या हिमनदीवर तर बारा महिने असतो. तो सुटून खाली येताना मात्र याच दिवसांत दिसतो. समोर पिलाटुस डोंगराच्या माथ्यावर पांढरं, त्याच्या पायथ्याशी हिरवं, आणि काठावर चेस्टनटच्या झाडांना नुकती पालवी. मंगळवारी आणि शनिवारी सकाळी नदीकाठी बाजार भरतो. त्यात रानलसणीची पानं असतात, जुडीच्या जुडी, अख्ख्या काठाला लसणाचा वास. मुझेग तटबंदीचे बुरूज हिवाळाभर बंद असतात ते एप्रिलमध्ये उघडतात. त्यातला घड्याळाचा बुरूज चढा. ते घड्याळ 1535 चं आहे आणि गावातल्या बाकी घड्याळांच्या एक मिनिट आधी ठोके द्यायचा मान त्याला आहे. हे सगळं फुकट. साडूंनी यातलं काही बघितलेलं नाही. सिंहही त्यांनी बसमधून उतरून, फोटो काढून, परत बसमध्ये असा बघितला.

आता आईवडिलांचं. मी तर टिटलिसऐवजी रिगी डोंगर म्हणेन. लुसर्नच्या धक्क्यावरून बोटीनं फिट्सनाऊ, साधारण तासभर, आणि तिथून दातेरी रुळांची गाडी थेट वर. 1871 ची, युरोपातली पहिली डोंगरी दातेरी रेल्वे. उंची 1800 मीटरच्या आत, म्हणजे टिटलिसच्या तीन हजारांवर जो दम लागतो तो इथे नाही. शेवटच्या स्थानकापासून शिखरापर्यंत थोडी चढण आहे, ती नाही चढली तरी चालतं. स्विस ट्रॅव्हल पास असेल तर बोट आणि रिगीची गाडी दोन्ही त्यात येतात. टिटलिसला त्याच पासवर अर्धंच तिकीट माफ होतं. एप्रिलच्या शेवटी रिगीवर सावलीच्या बाजूला बर्फाचे ढीग बहुतेक मिळतील, लोकांना दाखवण्यापुरते. पिलाटुसची आल्पनाखश्टाटहून जाणारी खडी दातेरी गाडी तेव्हा बहुधा सुरू झालेली नसेल, पण क्रीन्सकडून केबलकार चालते.

एक मात्र कबूल केलं पाहिजे. आकाश निरभ्र असेल तर टिटलिस सुंदरच आहे, आणि लुसर्नहून त्याच्या पायथ्याचं एंगेलबर्ग रेल्वेनं पाऊण तास, म्हणजे फार आडवळणाचं नाही. आईवडिलांपैकी कोणाला हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असेल तर माझं ऐकू नका, डॉक्टरांना विचारा. तिकीट मात्र आधी काढून ठेवू नका. सकाळी वेबकॅम बघा, शिखर दिसलं तर जा, पांढरा चौकोन दिसला तर नदीकाठी या.

हॉटेलवाल्याकडून पाहुण्यांचं कार्ड मागून घ्या, शहरातल्या बसगाड्या त्यावर फुकट असतात. रविवारी स्टेशनातली सोडून बहुतेक दुकानं बंद असतात. रेनकोट हवाच, कारण आल्प्स ओलांडून दक्षिणेचा फ्योन वारा आला की एका दिवसात उकडतं आणि तो पडला की लगेच पाऊस. शाकाहारी जेवणाचं विचारलंय, त्याचं माझ्या बायकोला जास्त ठाऊक. ती म्हणते, थालीपिठाची भाजणी न्या आणि स्वयंपाकघर असलेली खोली घ्या.