वाचकांचे प्रश्न : साक्षर कोणाला म्हणावे?

प्रश्न : माझी आई मराठी पोथी अस्खलित वाचते, माहेरी पत्रेही लिहिते, पण शेताचा कन्नड उतारा तिला वाचता येत नाही. तिला साक्षर म्हणावे का? (एक वाचक, खानापूर)

उत्तर : निःसंशय म्हणावे. जनगणनेनुसार ७ किंवा त्याहून अधिक वयाची जी व्यक्ती कोणत्याही एका भाषेत समजून वाचू व लिहू शकते, ती साक्षर होय. मात्र १९७८मध्ये युनेस्कोने कार्यात्मक साक्षरतेची व्याख्या करताना आपल्या समाजातले व्यवहार पार पाडण्याइतके लेखन, वाचन व हिशेब अपेक्षिले, आणि आईंची अडचण नेमकी तिथे आहे. त्या अडचणीला निरक्षरता म्हणणे मला अन्यायाचे वाटते. कन्नड वर्णमालेचा क्रम आपल्यासारखाच असून ऱ्हस्व ए-ओ तेवढे वेगळे आहेत, त्यामुळे उताऱ्यावरील स्वतःच्या नावापासून त्यांना आरंभ करता येईल.