वाचकांचे प्रश्न : थंडीत जुना मिडियम फॉरमॅट कॅमेरा तपासताना

प्रश्न (खानापूर) : वापरलेला याशिका-मॅट १२४जी (वर बघायचे आणि खाली फोटोचे, अशा दोन भिंगांचा फिल्म कॅमेरा) घेतला आहे. डिसेंबरच्या पहाटे अंगणात नेला की १ सेकंदावर शटर रेंगाळते, दुपारी ठीक चालते. दोष थंडीचा का? एका रोलमध्ये पूर्ण तपासणी कशी करावी?

उत्तर : थंडीने दुखणे फक्त उघडे पाडले. आपल्याकडच्या १२-१४ अंशांच्या गारव्याने धड शटर अडत नाही. मंद वेगांच्या गिअरमधले जुने तेल चिकट झाले असेल तरच अडते. उपाय म्हणजे शटर उघडून सफाई. पात्यांवर नुसते लायटरचे पेट्रोल सोडणाऱ्या कारागिराकडे देऊ नका, विरघळलेले तेल भिंगावर चढते.

रोल घालण्याआधी मागचे झाकण उघडा, वेग ‘बी’वर (बटण दाबून धराल तोवर शटर उघडे) आणि भिंगाचे छिद्र एफ ३.५ वर, म्हणजे पूर्ण उघडे ठेवून भिंगातून टॉर्च मारा. जांबोटीकडच्या पावसाळ्यात कपाटात पडून राहिलेल्या कॅमेऱ्यात बुरशीचे जाळे निघाले तर नवल नाही. फिल्म सपाट धरणारी दाबपट्टी १२० फिल्मच्या खुणेवर आहे ना, तेही पाहा.

आयएसओ १०० चा कृष्णधवल रोल घ्या, १२ फ्रेम मिळतात. सावलीत भरा, कागदावरचा बाण कॅमेऱ्यातल्या खुणेशी जुळवा, झाकण लावून क्रँक अडेपर्यंत फिरवा.

सकाळी दहानंतरच्या स्वच्छ उन्हात एकाच भिंतीचे चार फोटो : १/६० सेकंद वेगाला छिद्र एफ २२, १/१२५ ला १६, १/२५० ला ११, १/५०० ला ८. चारही निगेटिव्ह जवळपास सारख्या गडद हव्यात. १/५०० ची ठळकपणे जास्त काळी आली, म्हणजे तिला जास्त उजेड मिळाला, तर तो वेग मंदावला आहे. हे निगेटिव्हवरच पाहा. लॅबचे स्कॅन उजेड आपोआप सारखा करतात आणि दोष झाकला जातो. मंद वेगांसाठी ट्रायपॉड लावून मोकळ्या सावलीत १/१५ ला एफ १६ आणि १/४ ला ३२. ही जोडी मात्र पहाटेच्या गारव्यात राहिलेल्या कॅमेऱ्यावर, उजेड पुरेसा वर येताच घ्या.

फोकस एफ ३.५ वरच तपासायचा. भर उन्हात ते जमत नाही, कारण १/५०० सुद्धा अपुरा पडतो. सावलीत दोन मीटरवर तिरपी मोजपट्टी ठेवून मधल्या आकड्यावर फोकस करा, १/२५० द्या. धारदार आकडा पुढे-मागे सरकला तर वरचे आणि खालचे भिंग जुळत नाही. अनंतावरचा, म्हणजे सर्वांत दूरचा फोकस तपासायला बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या राजहंसगडावरून सूर्योदयानंतर लगेच दूरचा डोंगर घ्या.

एक फ्रेम खर्चून कॅमेरा पाच मिनिटे उन्हात सगळ्या बाजूंनी फिरवा. निगेटिव्हच्या कडेला काळा पट्टा आला तर झाकणाचा स्पंज गेला.

प्रश्न (निपाणी) : पहाटे उसाच्या फडात फोटो काढून घरी आलो की भिंग धुरकट होते. याशिका-मॅटचा उजेड मोजणारा मीटरही जास्त उजेड दाखवतो.

उत्तर : गार कॅमेरा चुलीच्या उबदार, दमट हवेत आणला की त्यावर पाणी धरते. शेतातच झिपच्या पिशवीत बंद करा आणि घरी अर्धा तास उघडू नका. पुसत बसू नका, आतल्या भिंगावरचे तसेही पुसले जात नाही. मीटर १.३५ व्होल्टच्या पारा सेलसाठी बनला होता, आजचा १.५ व्होल्टचा अल्कलाइन सेल काटा वर ढकलतो, म्हणून निगेटिव्ह फिकी येते. फोनवरच्या मीटरचे आकडे वापरा.