तन्य रचना, तणाव रचना की ताणरचना?

प्रश्न असा आहे की, 'टेन्साइल स्ट्रक्चर', म्हणजे ताणलेल्या कापडावर किंवा केबलवर छत तोलून धरणाऱ्या वास्तुप्रकारासाठी मराठीत तन्य रचना, तणाव रचना आणि तंबूरचना असे तीन शब्द वापरलेले दिसतात. त्यांपैकी कोणता योग्य, आणि 'लाइटवेट'साठी 'हलकी' म्हटलेले चालेल का?

पहिला शब्द मी बाद करीन. शालेय विज्ञानात 'तन्यता' हा शब्द धातूची तार काढता येण्याच्या गुणधर्मासाठी रुळलेला आहे, म्हणजे तो पदार्थाचा गुण सांगतो. येथे मात्र भार कोणत्या वाटेने जमिनीपर्यंत पोहोचतो हे सांगायचे आहे. जेद्दा विमानतळाच्या हज टर्मिनलचे छत टेफ्लॉनचा लेप दिलेल्या काचतंतूंच्या कापडाचे आहे. काच ठिसूळ असते, तिच्यात तन्यता नाही, आणि तरीही ते छत या प्रकाराचे ठळक उदाहरण आहे. 'तन्य' या शब्दाने वाचकाची दिशाभूल होते ती अशी.

'तंबूरचना' ऐकायला गोड आहे, पण तंबू म्हटला की तो उद्या उठणार असे मनात येते. म्युनिकच्या 1972 सालच्या ऑलिंपिक स्टेडियमचे छत पोलादी केबलच्या जाळ्यावर पारदर्शक अ‍ॅक्रिलिकचे तक्ते बसवून केलेले आहे, आणि ते आजही उभे आहे. शिवाय त्यात कापड नाहीच.

राहिला 'तणाव'. तंबूच्या दोरीला मराठीत 'तणावा' म्हणतात, तेव्हा या शब्दाचे कूळ बांधकामाच्या जवळचेच आहे. मात्र आजच्या वाचकाला 'तणाव' म्हटले की मनाचा किंवा सीमेवरचा तणाव आधी आठवतो, आणि 'तणावग्रस्त छत' असा एखादा मथळा वाचून हसू आवरत नाही. भौतिकशास्त्रात मात्र 'ताण' हा शब्द पक्का आहे. दोरीतला ताण, द्रवाचा पृष्ठताण, हे सर्वांच्या परिचयाचे असल्याने 'ताणरचना' हा जोडशब्द मला सर्वांत नेमका वाटतो.

'पृष्ठताण' येथे केवळ दाखल्यापुरता आलेला नाही. फ्राय ओटो हे जर्मन वास्तुविशारद तारेची चौकट साबणाच्या द्रावणात बुडवून तिच्यावर धरलेल्या पातळ पडद्याचा आकार अभ्यासत असत. त्या पडद्यात सर्व दिशांना ताण सारखा असतो आणि दिलेल्या कडांमध्ये तो कमीत कमी क्षेत्रफळ व्यापतो, म्हणून छताचा आकार शोधण्यासाठी तो उपयोगी पडे. असा पृष्ठभाग बहुधा खोगिरासारखा, एका दिशेने वर आणि दुसऱ्या दिशेने खाली वळलेला असतो. एक वळण वरून येणारे वजन पेलते, तर दुसरे छत वर ओढणाऱ्या वाऱ्याला रोखून धरते. सपाट ताणलेले कापड वाऱ्यात फडफडते आणि अखेर फाटते. हा ताण छत उभारतानाच भरून ठेवावा लागतो, त्याला 'पूर्वताण' म्हणावे.

'ताण' निवडण्याचे आणखी एक कारण म्हणजे त्याची 'दाब' या शब्दाशी जमलेली जोडी. सडपातळ खांबावर दाब वाढत गेला की तो चिरडण्याआधीच वाकतो, म्हणून त्याला जाडी लागते; केबलला वाकण्याची भीती नसते, आणि सामग्री वाचते ती त्यामुळे. केनेथ स्नेल्सन यांच्या वॉशिंग्टनमधील 1968 सालच्या 'नीडल टॉवर' या शिल्पात अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या एकमेकींना टेकत नाहीत. दाब नळ्यांत, ताण केबलमध्ये, अशी वाटणी डोळ्यांना स्पष्ट दिसते. या प्रकारासाठी अमेरिकन वास्तुविशारद बकमिन्स्टर फुलर यांनी घडवलेला 'टेन्सेग्रिटी' हा शब्द मात्र मी तसाच ठेवीन, कारण तो मुळातच 'टेन्शन' (ताण) आणि 'इंटिग्रिटी' (एकसंधपणा) या दोन शब्दांची मोडतोड करून जोडलेला आहे आणि त्याची मराठी नक्कल ओढूनताणून होईल. त्याला 'ताणरचना' म्हटल्यास नळ्यांचा वाटा झाकला जातो.

आता 'हलकी'. मराठीत हलका माल म्हणजे कमी प्रतीचा माल, त्यामुळे 'हलकी रचना' हे शब्द कच्च्या बांधकामाकडे बोट दाखवतात. 'हलक्या वजनाची रचना' असे सुटे लिहिल्यास शंका राहत नाही. एकच शब्द हवा असेल तर 'अल्पभार' घ्यावा, मात्र ही रचना स्वतः कमी भाराची आहे, कमी भार पेलणारी नव्हे, हे पहिल्या वापराच्या वेळी सांगून टाकावे.