तुझ्या पत्रिकेची फाइल

अनेक आशीर्वाद.

लेटरप्रेसवर, म्हणजे उठावाच्या प्लेटला शाई लावून ती कागदावर दाबून छापायची, त्या लग्नपत्रिकेची फाइल पाहिली. तोरणाची वेलबुट्टी फार देखणी झाली आहे. तरी प्लेट करायला अजून टाकू नकोस.

खालचा मजकूर ८ पॉइंटात आहे. दाबाखाली शाई थोडी पसरतेच, आणि देवनागरीत ती आधी अक्षराच्या पोटात, म्हणजे आतल्या मोकळ्या जागेत, शिरते. ष, ध, क्ष, श्र भरून जातात. इंग्रजीला पुरतो तो आकार आपल्याला पुरत नाही. वर रफार-मात्रा, खाली उकार, सगळं तेवढ्यातच बसवायचं असतं. मी १२ पॉइंटाच्या खाली जात नाही, आणि फॉन्ट मोकळ्या पोटाचा घेतो. वधूवरांच्या नावांत तू अक्षरांमधलं अंतर वाढवलंस, त्यानं शिरोरेषा तुटली. ते आधी काढ.

मजकुराचे आउटलाइन करूनच, म्हणजे अक्षरांचं चित्रासारख्या आकारांत रूपांतर करूनच, फाइल दे. एकदा मी ते विसरलो. प्लेटवाल्याकडे तो फॉन्ट नव्हता, 'चि.'ची वेलांटी 'च'च्या उजवीकडे जाऊन बसली आणि प्लेट फुकट गेली. आउटलाइन झाल्यावर अक्षरांचे तुकडे एकसंध कर, नाहीतर शिरोरेषा एकमेकींवर चढतात तिथे पांढरी फट राहू शकते.

काळा रंग म्हणजे १०० टक्के काळा, चार रंगांची भेसळ नको. ३० टक्के पिवळा असं इथे काही नसतं, त्याचे ठिपके होतात. फिकट हवं तर शाईच फिकट कालवायची, आणि त्या रंगाची प्लेट वेगळी. रेघ पाव पॉइंटाहून बारीक नको; भरीव रंगातून पांढरी सोडलेली रेघ त्याच्या दुप्पट तरी ठेव, ती लवकर बुजते.

तुझा भरीव गणपती आणि नाजूक मजकूर एकाच प्लेटवर आहेत. गणपतीला शाई जास्त लागते, मजकुराला कमी. दोन प्लेटा कर, कागद दोनदा मशीनवर जाऊ दे. खर्च वाढेल, पण इथे काटकसर करू नये असं माझं ठाम मत आहे.

जुने छापखानेवाले कागदाच्या पाठीवर बोट फिरवून पाहत. अक्षर हाताला लागलं तर छपाई वाईट, कारण जादा दाबानं खिळे, म्हणजे धातूची सुटी अक्षरं, झिजत. आता गिऱ्हाइकाला तोच खोलगट ठसा हवा असतो. पॉलिमर प्लेट आणि जाड कॉटन कागद असेल तर खुशाल दे. मात्र मग मागच्या बाजूला काही छापू नकोस.

दुरुस्त फाइल मूळ आकारातच साध्या प्रिंटरवर काढ आणि तो कागद मला पाठव. मी आधी 'श्री'चं पोट बघेन.